कालवडीचा पहिला नंबर

जनावरांच्या प्रदर्शनात गायीला बक्षीस मिळतं ते तिने दिलेल्या दुधाचं आणि वासरांचं. बैलाला मिळतं ते त्याच्या ताकदीचं आणि चालीचं. वळूला मिळतं ते त्याच्या वंशाचं. कालवडीने मात्र अजून काहीच केलेलं नसतं. ती व्यालेली नसते, तिच्या धारा कुणी काढलेल्या नसतात, तिच्या पोटचं वासरू कुणी पाहिलेलं नसतं. तरीही रिंगणात पंचांचा हात तिच्या पाठीवर पडतो, गळ्यात हार येतो, मालकाच्या डोक्यावर फेटा चढतो आणि गावात गुलाल उधळला जातो.

मग हे बक्षीस नेमकं कशाचं? आणि कोणाचं?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण थोडं थांबून पाहिलं तर आपण एखाद्या जिवाला 'चांगला' म्हणतो तेव्हा काय म्हणतो, हाच प्रश्न त्यात दडलेला आहे. शाळेतल्या पोराला 'हुशार' म्हणताना, क्रिकेटच्या अकादमीत चौदा वर्षांच्या मुलाला 'पुढचा स्टार' म्हणताना आपण हेच करतो. जे अजून घडलेलं नाही त्याला हार घालतो, आणि मग तो हार त्या जिवाला आयुष्यभर वाहायला लावतो. कालवडीला निदान वर्तमानपत्र वाचता येत नाही, एवढाच फरक.

दात, रंग आणि कपाळ

आधी रिंगण नीट पाहू. बीड जिल्हा गोवंशाच्या नकाशावर एका गमतीच्या जागी आहे. पूर्वेला परळी-अंबाजोगाईकडे गेलं की लाल कंधारी आणि देवणी दिसतात. एकीचं मूळ नांदेडमधलं कंधार, दुसरीचं लातूरमधलं देवणी-उदगीर. पश्चिमेला आष्टी-पाटोद्याकडे सरकलं की खिल्लार दिसू लागतं. नेकनूर आणि हिरापूरचे जनावरांचे बाजार जिल्ह्याबाहेरही माहीत आहेत. आणि मराठवाड्यातल्या पशुपालकाला प्रदर्शन म्हटलं की हमखास आठवते ती लोहा तालुक्यातल्या माळेगावची खंडोबाची यात्रा. ती मार्गशीर्षाच्या शेवटी भरते आणि तिथलं लाल कंधारी-देवणीचं प्रदर्शन हा पंचक्रोशीतल्या चर्चेचा विषय असतो.

प्रदर्शनात गट पडतात ते दातांवरून. गायीगुरांना वरचे पुढचे दात नसतातच. खालच्या आठ दुधाच्या दातांची जागा पक्के दात जोडीजोडीने घेतात, आणि पहिली जोडी साधारण दोन-अडीच वर्षांची झाल्यावर येते. तोवर ती 'आदत'. मग 'दोन दाती', मग 'चार दाती'. जनावराची जन्मतारीख कुणी लिहून ठेवलेली नसते, म्हणून पंच ओठ वर करून बघतात. हा झाला त्याचा जन्मदाखला.

नंतर जातीची लक्षणं. लाल कंधारी असेल तर अंगभर एकसारखा गडद तांबडा रंग, रुंद आणि किंचित फुगीर कपाळ, लांब आणि बाजूला झुकलेले कान, मध्यम आणि सारखी वळलेली शिंगं. देवणीत तीन प्रकार: तोंडाचा काही भाग काळा असलेला वानेरा, अंगाच्या खालच्या बाजूला ठिपके असलेला बालंक्या, आणि पांढऱ्या अंगावर काळे बांडे पट्टे असलेला शेवरा. शिवाय पाठ सरळ आहे का, पाय कसे पडतात, पुढे कास कशी बसेल, हे सगळं काही मिनिटांत पाहायचं असतं.

त्या काही मिनिटांसाठी आधी कित्येक महिने गेलेले असतात. रोज खरारा. सरकी पेंड, मक्याचा भरडा, हिरवी मका, कुट्टी. शिंगं साळून तेल लावणं. गर्दीला, लाऊडस्पीकरला बुजू नये म्हणून म्होरकी धरून रोज चालवणं. घरातलं एक माणूस जवळपास पूर्ण वेळ तिच्यामागे असतं. तुम्ही इन्स्टाग्रामवर जी वीस सेकंदांची रील बघता, त्यात ढोल असतो, झूल असते, गोंडे असतात. ते महिने त्यात दिसत नाहीत.

'चांगली' कोणासाठी?

पीटर गीच नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५६ साली एका छोट्या निबंधात एक साधी गोष्ट दाखवून दिली. 'लाल' हा शब्द एकटा उभा राहू शकतो. लाल कालवड ही लाल असते आणि कालवड असते, दोन्ही वेगवेगळं तपासता येतं. 'चांगला' हा शब्द तसा एकटा उभा राहत नाही. चांगला चोर म्हणजे चांगला माणूस आणि वर चोर, असं होत नाही. 'चांगला' म्हणायच्या आधी कशाच्या नात्याने चांगला, हे ठरावं लागतं.

हे मनात ठेवून रिंगणाकडे परत या. 'चांगली कालवड' असं पंच म्हणतात तेव्हा किमान चार वेगळ्या गोष्टी एकाच वेळी बोलल्या जात असतात. जातीचा नमुना म्हणून चांगली, म्हणजे कंधारीची लक्षणं तिच्यात शुद्ध उतरली आहेत. पुढची गाय म्हणून चांगली, म्हणजे वेळेवर गाभण राहील, दूध देईल, सुखरूप विईल. मालकासाठी चांगली, म्हणजे नाव होईल, तिच्या वासरांना भाव येईल. आणि चौथं, जे कुणी मोठ्याने म्हणत नाही: तिचं स्वतःचं बरं चाललं आहे, ती निरोगी आहे, भ्यालेली नाही, तिचं जगणं तिच्यासाठी चांगलं आहे.

अमेरिकेतल्या तत्त्वज्ञ ख्रिस्टीन कोर्सगार्ड यांनी 'फेलो क्रीचर्स' या २०१८ च्या पुस्तकात या चौथ्या अर्थाला मध्यभागी आणलं. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: ज्याला सुखदुःख जाणवतं त्याच्यासाठी काही गोष्टी चांगल्या आणि काही वाईट असतातच, मग ते आपल्या कामाला येवो न येवो. चाकूला धार चांगली, ती आपल्यासाठी. चाकूला स्वतःला त्याचं काही नसतं. कालवडीला सावली चांगली, ती तिच्यासाठी.

प्रदर्शनाची अडचण अशी की तिथे हे चारही अर्थ एका हारात ओवले जातात. बघणाऱ्याला वाटतं की जातीने चांगली, म्हणजे गाय म्हणून चांगली, म्हणजे तिचंही चांगलं चाललंय. बरेचदा ते खरं असतं. पण ते आपोआप खरं नसतं. कुठे फाटतं, ते पाहायला दोनशे वर्षं मागे जाऊ.

फिरलेली पांढरी कालवड

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये रॉबर्ट कॉलिंग नावाच्या पशुपालकाकडे शॉर्टहॉर्न जातीची एक पांढरी कालवड होती. ती इतकी प्रचंड वाढली की तिला गावोगाव फिरवून दाखवलं गेलं. तिचं नावच पडलं 'फिरलेली पांढरी कालवड'. तिचं जिवंत वजन २३०० पौंड, म्हणजे हजार किलोच्या पुढे धरलं गेलं. १८११ मध्ये थॉमस वीव्हर या चित्रकाराने तिचं चित्र काढलं. शॉर्टहॉर्न जातीचं नाव घरोघर नेणाऱ्या जनावरांत ती मोजली जाते.

आता गंमत बघा. ती एका गोऱ्ह्याबरोबर जुळी जन्मली होती. नर आणि मादी अशी जुळी एका पोटात वाढली की बहुतेक वेळा दोघांचं रक्त वारेतून मिसळतं आणि मादीचं गर्भाशय नीट घडत नाही. अशी कालवड सहसा कधीच गाभण राहत नाही. ही पांढरी कालवड त्यातलीच. म्हणजे ज्या जातीची जाहिरात म्हणून ती देशभर फिरली, त्या जातीत तिने स्वतः एकाही वासराची भर घातली नाही. उलट ती विणार नव्हती, म्हणूनच तिला नुसतं खाऊ घालून वाढवणं आणि फिरवणं परवडलं.

नमुना म्हणून अव्वल, गाय म्हणून शून्य. अर्थ इथे फाटला.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून द्यायचं तर आजच्या गोठ्यातला एक मुद्दा आडवा येतो. कालवडीला लहान वयात, माजावर येण्याआधीच्या महिन्यांत, गरजेपेक्षा जास्त ताकदीचा खुराक दिला तर अंगावर चरबी चढते आणि ती पुढच्या कासेच्या जागीही साठते. दूध तयार करणाऱ्या पेशींची वाढ त्या वेळात व्हायची असते, ती कमी पडते. पशुवैद्यक हे कित्येक वर्षांपासून सांगत आले आहेत. अति चरबी चढलेली कालवड गाभण राहायलाही त्रास देते आणि विताना अडते. रिंगणात मात्र ती भरलेली, तुकतुकीत, डोळ्यात भरणारी दिसते. पंचाची नजर कच्ची असेल तर त्याच चरबीला हार पडतो.

मग 'पुढे चांगली गाय होईल' या वचनाला दिलेलं बक्षीस तेच वचन मोडायला कारण होऊ शकतं. आपल्या गावठी गायींचं पहिलं वेत यायलाच साधारण साडेतीन-चार वर्षं लागतात. तोवर फोटो जुना झालेला असतो आणि हिशेब विचारायला कुणी येत नाही.

प्रदर्शन नसतं तर?

इथवर वाचून कुणाला वाटेल की प्रदर्शनं बंदच करावीत. मला तसं वाटत नाही, आणि त्याची कारणं भक्कम आहेत.

पहिलं कारण आकड्यांत आहे. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात गोवंश १९ कोटी २४ लाखांच्या घरात होता. आधीच्या गणनेपेक्षा संकरित आणि विदेशी जनावरं जवळपास २७ टक्क्यांनी वाढली होती आणि देशी, गावठी मिळून ६ टक्क्यांनी घटली होती. लाल कंधारी एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देते. दूध संघाच्या काट्यावर होल्स्टीन संकरित गायीपुढे तिचा निभाव लागणार नाही. तिचं मोल वेगळ्या ठिकाणी आहे. मराठवाड्याचं ऊन ती सोसते, कडब्यावर निघते, तिचे गोऱ्हे कामाला चिवट होतात. हे मोल दुधाच्या काट्यावर दिसत नाही. ते चारचौघांत दाखवायची जागा हवी, आणि ती जागा प्रदर्शन देतं. अंबाजोगाई तालुक्यातल्या साकुडला लाल कंधारी आणि देवणीच्या संवर्धनासाठी प्रक्षेत्र उभारायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, ती बरीच चांगली गोष्ट. पण सरकारी प्रक्षेत्रावर जात टिकते ती बी-बियाण्यासारखी. गोठ्यात टिकते ती अभिमानाने.

दुसरं कारण जोतीराव फुल्यांनी देऊन ठेवलं आहे. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये शेतकऱ्याच्या हलाखीवर उपाय सांगताना ते प्रदर्शनांची आणि बक्षिसांची सूचना करतात. शेतकऱ्यांच्या पिकांची, औत हाकण्याची परीक्षा घ्यावी आणि उत्तम शेतकऱ्यांना बक्षिसं द्यावीत, असं त्यांचं म्हणणं. ज्या माणसाच्या हातातलं कसब कुणी कसब मानतच नाही, त्याला मान मिळावा हा त्यामागचा हेतू. फेटा बांधून रिंगणात उभ्या राहिलेल्या अल्पभूधारकाच्या चेहऱ्यावर ते आजही वाचता येतं. वर्षभर त्याला 'कर्जदार', 'लाभार्थी', 'आपद्ग्रस्त' असंच संबोधलेलं असतं. त्या एका दिवशी तो जाणकार असतो.

तिसरं कारण खुद्द कालवडीचं. जिला रोज खरारा होतो, जिच्या अंगावर गोचीड टिकत नाही, जिच्या पाण्याची वेळ चुकत नाही, ती कालवड गावातल्या इतर बहुतेक जनावरांपेक्षा बरं जगते. चौथ्या अर्थाने चांगलं चाललेली, असं तिच्याबद्दल खरोखर म्हणता येतं. प्रेमात दिखावा मिसळला म्हणून प्रेम खोटं ठरत नाही.

कोर्टाच्या दारातही हेच दिसतं. बैलगाडा शर्यतीवर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ ला बंदी आणली, आणि राज्यांनी कायदे बदलल्यावर १८ मे २०२३ ला घटनापीठाने ते कायदे उचलून धरले. शर्यतीत चाबूक दिसतो, फेस दिसतो, म्हणून वाद झाला. प्रदर्शनात असं काही दिसत नाही, म्हणून तिथे कुणी काही विचारत नाही. बहुतांशी हे योग्यच आहे. पण जिथे क्रूरता नसते तिथे प्रश्नच नसतात, असंही नाही.

छावणीतला हिशेब

बीडमध्ये जनावराकडे बघायची आणखी एक पद्धत आहे आणि ती प्रदर्शनाच्या अगदी उलट आहे. ती म्हणजे चारा छावणी.

२०१९ च्या दुष्काळात जिल्ह्यात शेकडो छावण्या होत्या. आष्टीसारख्या तालुक्यात माणसं जनावरांसोबत महिनोन्‌महिने ताडपत्रीखाली राहिली. छावणीत सरकारचा हिशेब सरळ होता. मोठ्या जनावरामागे दिवसाला अमुक रुपये, लहान जनावरामागे त्याच्या निम्मे. त्या उन्हाळ्याच्या शेवटी हे दर १०० आणि ५० रुपयांवर गेले होते. सुरुवातीला एका शेतकऱ्याची पाचच जनावरं घेण्याची अटही होती, ती पुढे सैल झाली. त्या अटीचा अर्थ गोठ्यात उभं राहून समजून घ्यायचा. सात जनावरं असतील तर दोन मागे ठेवायची. कुठली दोन?

छावणीला कपाळाची रुंदी दिसत नाही. वानेरा की शेवरा, तिला फरक पडत नाही. म्हातारी भाकड गाय आणि पहिल्या नंबरची कालवड यांच्यापुढे तीच ऊसवाढ्यांची पेंढी पडते. तत्त्वज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर छावणी गरज मोजते आणि प्रदर्शन गुण मोजतं. न्यायाच्या नजरेने मला छावणी जास्त बरोबर वाटते. पोट सगळ्यांना सारखं. पण छावणीत जनावर फक्त एक पोट होऊन जातं, कानातल्या बिल्ल्यावरचे बारा आकडे होऊन जातं. ते आपल्याला कसं दिसतं, कसं ओळखतं, कशाला बुजतं, हे तिथे कुणाला विचारावंसं वाटत नाही. प्रदर्शन निदान एकीकडे तरी टक लावून बघतं.

म्हणून प्रश्न 'प्रदर्शन की छावणी' असा नाही. एकीकडे बघताना बाकीच्यांवरची नजर हटते का, हा खरा प्रश्न आहे.

तिचा भाऊ

ज्या वर्षी ही कालवड जन्मली त्याच वर्षी गावात गोऱ्हेही जन्मले. निसर्ग साधारण निम्मे-निम्मे देतो. २०१९ च्या त्याच पशुगणनेत मात्र देशात गायी १८ टक्क्यांनी वाढल्या आणि गोवंशातले नर सुमारे ३० टक्क्यांनी घटले. ट्रॅक्टर आले, औतं गेली. आता कालवडच व्हावी म्हणून निवडलेलं वीर्यही मिळतं. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्याही कत्तलीला बंदी आहे, त्यामुळे थकलेला बैल त्या वाटेने विकता येत नाही. त्याच्या वैरणीचा खर्च मात्र दावणीलाच राहतो. या सगळ्यात त्या गोऱ्ह्याचं काय झालं, हे प्रदर्शनाच्या मंडपात कुणी विचारत नाही.

शिरूर कासार तालुक्यातल्या दहिवंडीचे सय्यद शब्बीर, म्हणजे सगळ्यांचे शब्बीर मामू, यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली. कुठल्याही प्रदर्शनात नंबर येणार नाही अशी शंभरावर जनावरं ते सांभाळत आले. दूध विकायचं नाही, शेणखतावर भागवायचं, बैल द्यायचे तर कष्टकरी शेतकऱ्याला आणि तो कसायाकडे जाणार नाही या बोलीवर, अशी त्यांची रीत अनेकदा छापून आली आहे. त्यांच्या गोठ्यात 'चांगलं' या शब्दाचा फक्त चौथा अर्थ चालतो.

सगळ्यांनी शब्बीर मामू व्हावं असं म्हणणं सोपं आणि खोटं आहे. दोन एकर कोरडवाहूवर ते जमत नाही, आणि नाही जमलं म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पण त्यांच्यामुळे एक माप मिळतं. जिल्ह्याची जनावरांबद्दलची माया मोजायची असेल, तर ती बिनानंबराच्या जनावराजवळ जाऊन मोजावी लागते.

रिंगणापर्यंत कोण पोचतं

आता माणसांकडे वळू. माळेगावची यात्रा आणि हिवाळ्यातली बहुतेक कृषी प्रदर्शनं भरतात डिसेंबर ते फेब्रुवारीत. उसाचा हंगाम चालतो ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. बीड हा ऊसतोड कामगारांचा जिल्हा. म्हणजे प्रदर्शनाच्या दिवसांत जिल्ह्यातली कितीतरी कुटुंबं सांगली, कोल्हापूर, सोलापूर, पुण्याच्या फडात असतात. त्यांचे बैल गाडीला जुंपलेले असतात, आणि घरी राहिलेली कालवड आजीच्या भरवशावर असते.

समजा, धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या अशाच एका घरात उत्तम अंगाची आदत कालवड आहे. आईवडील फडात, घरी आजी आणि नववीतली नात. नात रोज शाळेच्या आधी वैरण टाकते, पाणी दाखवते, शेण काढते. कालवड तिच्या आवाजाला मान वळवते. ती कालवड रिंगणात येणार कशी? टेम्पोचं भाडं कोण देणार, दोन दिवस कोण राहणार, म्होरकी कोण धरणार? प्रदर्शनात जी 'तालुक्यातली सर्वोत्तम' ठरते, ती खरं तर टेम्पोत चढू शकलेल्यांतली सर्वोत्तम असते. हे पंचांच्या बेइमानीमुळे होत नाही. पंच कितीही प्रामाणिक असले तरी समोर आली नाही ती कालवड त्यांना दिसणारच नाही.

शिवाय ज्या घरची कालवड पोचते, त्या घरातही एक निवड आधीच झालेली असते. गोठ्याचं रोजचं काम बहुतेक घरांत बायका आणि मुली करतात. रिंगणात दोरी धरतो पुरुष. फेटा त्याला बांधला जातो. फुल्यांची सूचना कसबाला मान देण्याची होती. कसब ज्या हातांत आहे ते हात मंडपाबाहेर राहिले, तर बक्षीस पत्ता चुकलेल्या टपालासारखं होतं.

मग बक्षीस कसं असावं?

पोळ्याकडे एकदा बघू. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. जू वाहून घट्टे पडलेल्या खांद्याला तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी बैल सजतात, वेशीतून जातात, पुरणपोळी खातात. पोळ्यातही मानपान आहेत, मानाच्या बैलावरून गावोगावी भांडणंही झाली आहेत, त्यामुळे त्याला फार पवित्र करायला नको. पण त्यातली मूळ गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पोळ्याला मोडक्या शिंगाचा बैलही ओवाळला जातो. तिथे मान मिळतो तो नात्याचा, आणि नात्यात पहिला-दुसरा नंबर नसतो.

प्रदर्शनाला पोळा करता येणार नाही. तुलना हाच त्याचा जीव आहे. पण तुलना कशाची करायची, हे आपल्या हातात आहे. चार अर्थांपैकी चौथा अर्थ रिंगणात आणणं फारसं अवघड नाही.

कालवडीच्या बक्षिसाची निम्मी रक्कम तिच्या पहिल्या वेतानंतर द्यावी. ती वेळेवर गाभण राहिली, सुखरूप व्याली, आणि त्याच घरी आहे, एवढं पशुवैद्यकाने लिहून द्यावं. मग वचनाला दिलेलं बक्षीस वचन पाळल्यावर पुरं होईल. अंगावरची चरबी एक ते पाच अशा मापावर मोजायची पद्धत पशुवैद्यकांकडे आहेच. त्या मापाच्या वर गेलेली कालवड कितीही देखणी असली तरी बाद धरावी. नंबर एका जनावराऐवजी गोठ्याला द्यावा, आणि त्यासाठी पंचांनी एकदा न सांगता घरी जाऊन बाकीची जनावरंही बघावीत. गोऱ्हाही, भाकडही. फडात गेलेल्यांसाठी हंगाम संपल्यावर, एप्रिलनंतर, गावपातळीवर एक फेरी ठेवावी. आणि प्रमाणपत्रावर जनावर सांभाळणाऱ्या बाईचं किंवा मुलीचं नाव लिहावं. या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही.

यावर आक्षेप येईल की असं केलं तर प्रदर्शनाची मजा जाईल, गर्दी कमी होईल. होईलही थोडी. नऊ कोटींचा रेडा, तेवीस कोटींचा रेडा अशा मथळ्यांना जे पाहायला लोक येतात, ते वेगळं आहे. ती किंमत कुणी मोजलेली नसते, बोललेली असते. जो माल कधी विकायचाच नाही त्याची किंमत कितीही सांगता येते. अशा गर्दीतून गावच्या वळूचा दर्जा सुधारत नाही आणि कालवडीचं पाणीही वेळेवर होत नाही.

२०२२ मध्ये लंपी आला तेव्हा राज्यात जनावरांचे बाजार, शर्यती, प्रदर्शनं बंद ठेवावी लागली. अंगावर गाठी उठलेल्या जनावरांजवळ माणसं रात्ररात्र बसली. जखमा धुतल्या, माश्या हाकलल्या, खात नाही म्हणून हाताने घास भरवला. त्या महिन्यांत कुठलाही पंच आला नव्हता, कुठलाही नंबर निघाला नव्हता. पण जनावर सांभाळणं म्हणजे काय, याची परीक्षा त्या वर्षी झाली आणि असंख्य गोठे त्यात पास झाले. त्यांची यादी कुणाकडे नाही.

पुढच्या वेळी मोबाईलवर हार घातलेली कालवड दिसली तर लाईक जरूर करा, तिच्यामागे कुणाचे तरी कष्टाचे महिने आहेत. पण खाली कमेंटमध्ये दोन गोष्टी विचारून बघा. हिचं रोजचं शेण कोण काढतं? आणि मागच्या वर्षी पहिली आलेली कालवड आता कुठे आहे?